टीचरच्या वायफायवरची एकोणीस नावं

इरिंजालकुडाजवळच्या आमच्या कालव्याकाठच्या गल्लीत चाळिशीच्या आतला कुणीही पकडा, त्याचा हात धरून पहिलं अक्षर दाक्षायणी टीचरनीच गिरवून घेतलेलं असणार. एकतीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली. मला मल्याळम त्यांनीच शिकवलं. आमच्या घरात मराठी, वडील सोन्याची गलाई करायला सांगलीकडून इथे आलेले, त्यामुळे पहिलं वर्षभर मी वर्गात नुसता बघत बसायचो. आईला काळजी वाटायची. टीचर तिला सांगायच्या, "हनुमोन कानांनी शिकतोय. बसू दे त्याला." हनु म्हणजे मी, मोन म्हणजे मुलगा.

त्यांचे यजमान कौलांच्या कारखान्यात होते, ते लवकर गेले. एकच मुलगी, रंजुषा. ती त्रिशूरला नर्स झाली, मग ड्युटी सांभाळून दोन वर्षं जर्मन शिकली, तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाली. गेल्या वर्षी तिला जर्मनीतल्या हॉस्पिटलातून पत्र आलं. एक डिसेंबरला हजर व्हायचं होतं. सगळे कागद झाले होते, फक्त पोलिसांचा दाखला यायचा होता. या मुलीवर कुठे काही तक्रार नाही, एवढंच त्यात लिहून येतं.

आता वायफायचं सांगतो.

चार वर्षांपूर्वी मी श्रीभद्रा केबलमध्ये कामाला लागलो आणि माझ्या हाताने जोडलेली पहिली काही कनेक्शन्स होती, त्यात टीचरचं एक. कनेक्शन रंजुषाच्या नावावर, कारण पैसे ती भरायची. पासवर्ड म्हणून मी टीचरचा मोबाइल नंबर टाकला. आमच्या ऑफिसची रीतच ती. गिऱ्हाईक पासवर्ड विसरतं आणि मग रात्री-बेरात्री फोन करतं. स्वतःचा नंबर कुणी विसरत नाही. आमच्या हद्दीतल्या जवळजवळ सगळ्या घरांना आम्ही तसंच करून दिलं होतं. राउटरच्या आतल्या सेटिंगचं नाव आणि पासवर्ड तर कारखान्यातून आलेलेच, दोन्हीकडे अ‍ॅडमिन.

टीचरचा नंबर गल्लीत कुणाकडे नव्हता? मुलाला ताप आला, शाळेचा अर्ज भरायचा, रेशनकार्डावर नाव चढवायचं, सगळे त्यांनाच फोन करायचे. भिंतीपलीकडे वाचनालय. तिथे पेपर वाचायला येणाऱ्यांच्या फोनला सिग्नल बरा दिसला की तेही टीचरचा नंबर टाकून जोडायचे. कुणीतरी वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहूनही ठेवलं होतं, "टीचरचं वायफाय चालतं." टीचरनी ते वाचलं आणि खालचा 'चालतं' हा शब्द नीट वळणदार करून दिला.

मी एकदा म्हणालो, "टीचर, बदलून देऊ का पासवर्ड? अख्खी गल्ली वापरतेय."

"वापरू दे की. वारा माझ्या अंगणातून जातो म्हणून मी त्याला अडवते का?"

मीही पासवर्ड तसाच ठेवला. खरं तर मला शिकवलेलं होतं. पॉलिटेक्निकमध्ये नेटवर्कच्या सुरक्षेचा अख्खा पेपर होता आणि त्यात मला चांगले मार्क होते.

ओणमनंतर तीन आठवड्यांनी, सकाळी नऊच्या सुमाराला टीचरचा फोन आला. आवाज ओळखूच येईना.

"मोने, तू आत्ता ये. ते वायफाय बंद कर, बदल, काय करायचं ते कर. पोलीस येऊन गेले."

ओणमच्या आठवड्यात कुणीतरी खोटं खातं उघडून आमच्या वॉर्डच्या पंचायत सदस्य शायला यांचा चेहरा दुसऱ्या बाईच्या उघड्या फोटोला जोडून टाकला होता. शायलांनी तक्रार केली. सायबर शाखेने माग काढला, तो टीचरच्या घराच्या कनेक्शनपर्यंत आला. कनेक्शन कुणाच्या नावावर, तर रंजुषाच्या. हवालदार नोटीस देऊन गेला: पाच दिवसांत ठाण्यात येऊन जबाब द्या. तोवर दाखला थांबला.

मी पोचलो तेव्हा रंजुषा जेवणाच्या टेबलाशी नोटीस हातात धरून बसली होती. न्याहारीच्या पुट्टूची ताटली तशीच होती.

"शायलाचेच्ची मला धाकट्या बहिणीसारखी वागवते," ती म्हणाली. "मी? मी टाकीन तिचा असा फोटो?"

"तू टाकलास असं कोण म्हणतंय?" टीचर म्हणाल्या.

"कागद म्हणतोय, अम्मा. नाव वाच."

टीचर माझ्याकडे वळल्या. "आधी ते बंद कर. अजून कुणी काही पाठवलं तर?"

मी फोनवरून राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या फोनांची यादी समोर आली. एकोणीस. लोक फोनला स्वतःची नावं देतात, ती तिथे दिसतात. बिन्सीचा फोन, 'कुट्टन किंग', 'आएशाचे पप्पा', वाचनालयाचा कॉम्प्युटर. मला जरा हसूच आलं. म्हटलं, बघा टीचर, तुमचा वर्ग अजून भरतोय. त्यांनी बघितलं नाही. त्या म्हणत होत्या, "कर लवकर, कर."

आणि मी पिन दाबली.

राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की तो कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. आमच्याकडे कुठलीही तक्रार आली की आधी पिन, मग नव्याने जोडणी. एकेक सेटिंग शोधत बसण्यापेक्षा लवकर होतं आणि दिवसाला वीस घरं होतात. हात आपोआप तिकडे गेला.

मग मात्र मी मन लावून काम केलं. सोळा अक्षरांचा पासवर्ड दिला, नंबर नाही, नाव नाही, जन्मतारीख नाही. आतल्या सेटिंगचा अ‍ॅडमिन काढून तिथे वेगळा पासवर्ड घातला. बटण दाबून पासवर्डशिवाय जोडता यायचं ते बंद केलं. राउटरची जुनी झालेली प्रणाली नवीन करून घेतली. दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून टीचरना दिले आणि सांगितलं, कपाटात ठेवा, फळ्यावर नको. त्यांनी मान हलवली. पाऊण तासात पहिल्यापासून जसं असायला हवं होतं तसं झालं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. फौजदार बाई होत्या, तरुण, शांत बोलणाऱ्या. टीचरनी सगळं सरळ सांगितलं: पासवर्ड सगळ्यांना माहीत होता, अर्धी गल्ली वापरायची.

"कोण कोण?"

टीचरनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन म्हणालो, "मॅडम, एकोणीस फोन जोडलेले होते. मी स्वतः यादी बघितली."

"छान. दाखवा."

मी तोंड उघडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आता ती नाही," मी म्हणालो. "मी राउटर कोरा केला."

"कधी?"

"नोटीस आली त्या दिवशी."

फौजदार बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सकाळी नोटीस पोचली आणि त्याच सकाळी तुम्ही पुरावा पुसला. एक फोटो तरी काढायचा होता यादीचा. शिकलेले दिसता."

रंजुषाने माझ्याकडे बघितलं नाही. टीचरनीच सांगितलं, "मॅडम, त्याला मी घाई केली. चूक माझी."

"चूक कुणाची ते नंतर बघू. दुसरे लोक वापरत होते हे सांगणारी माणसं आणा. तोंडी नको, सहीनिशी. नाहीतर माझ्यासमोर एक घर आहे आणि त्यात दोन बायका."

रविवारी दुपारी टीचरच्या व्हरांड्यात बचत गटाची बैठक असते. वीस वर्षं त्या सेक्रेटरी. त्या रविवारी टीचरनी मलाही बोलावलं होतं. बिनदुधाची कट्टन चाय झाली, हप्ते झाले, तरी टीचर बोलायला सुरुवात करीनात. तोंड फोडलं ते ललिताचेच्चीने.

"टीचर, तुमच्या नेटला काय झालं हो? आमच्या घरात जेवताना पोरं रडतात. एवढं काय सोनं पुरलंय त्यात की कुलूप लावलंत?"

"सोनं सेट्टूच्या पोराकडे," माझ्याकडे बोट करून बिन्सी म्हणाली. गलाईवाल्या मराठी लोकांना इथे सेट्टू म्हणतात. बायका हसल्या.

टीचर हसल्या नाहीत. त्यांनी नोटिशीची हकिगत सांगितली आणि एक कोरा कागद मध्ये ठेवला. "एवढंच लिहायचंय, आम्ही दाक्षायणी टीचरचं वायफाय वापरत होतो. खाली सही."

आता कुणी हसत नव्हतं.

"म्हणजे पोलीस आमच्याकडे येणार," ललिताचेच्ची म्हणाली.

"येतीलही. विचारतील."

"टीचर, राग मानू नका. आमचे हे मस्कतला. पोलीस दारात आला तर सासू त्यांना फोनवर काय काय सांगेल, तुम्हीच विचार करा."

"आम्ही तर कधीतरीच वापरायचो," आणखी एक जण म्हणाली.

"कधीतरी?" रंजुषा दारातून बोलली. "चेच्ची, तुमच्या तीन मालिका आमच्यावर चालायच्या. सातला नेट मंद व्हायचं, मला जर्मनचा ऑनलाइन क्लास सोडून उठावं लागायचं."

"मोळे, आत जा," टीचर मुलीला म्हणाल्या.

"का जाऊ? दोन वर्षं घासलीत मी. यातल्याच कुणाच्या तरी घरातून तो फोटो गेलाय, आणि सगळ्या कधीतरी वापरायच्या!"

हे वाक्य नोटिशीची हकिगत ऐकल्यापासून सगळ्यांच्या मनात होतं, पण बोललं कुणी नव्हतं. ललिताचेच्ची उठली. "आमच्या पोरांवर आळ घेतेयस?" ती चप्पल घालून निघाली, तिच्यामागे चौघी-पाच जणी.

शेवटी सही केली ती जमीलाइत्ताने; मुसलमान घरांत ताईला इत्ता म्हणतात. तिच्या नवऱ्याची कालव्यावर मासळीची टपरी आहे. ती म्हणाली, "माझी आएशा इथेच बसून दहावी झाली. कोविडात माझ्याकडे फोन होता, नेट कुठे होतं? पोलीस आले तर चहा पिऊन जातील." मग बिन्सीने केली. वाचनालयाच्या सेक्रेटरींनी दोन दिवस विचार करून केली. एकोणिसांतली तीन.

चौथा कागद माझा. सजीचेट्टन, आमचे मालक, ते वाचून म्हणाले, "हे काय लिहिलंस? 'पासवर्ड म्हणून ग्राहकाचा मोबाइल नंबर देण्याची आमची पद्धत आहे.' उद्या पेपरात छापून आलं तर?"

"खरं आहे ना?"

"खरं सगळंच असतं. तू नोकरी करतोस की कथा लिहितोस?"

मी दिला तो कागद. त्यांनी मला काढलं नाही, पण महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर मात्र गुपचूप सगळ्या घरांची यादी काढली आणि पासवर्ड बदलण्याचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

चार कागद घेऊन आम्ही पुन्हा ठाण्यात गेलो. फौजदार बाईंनी वाचले, म्हणाल्या, "याने रंजुषा एकटी संशयित राहत नाही. पण या सगळ्यांचे फोन तपासणीला पाठवावे लागतील. दोन-अडीच महिने."

जमीलाइत्ता आमच्याबरोबर आली होती. तिने पदराआडची पिशवी उघडून फोन काढला. फोनच्या पाठीला रबर लावलेलं होतं. मासळीची सगळी गिऱ्हाइकं त्या फोनवर.

टीचरनी तिचा हात धरला. "नाही. मॅडम, माझा घ्या, मुलीचा घ्या. हिने खरं सांगायला सही केली, तिचा धंदा बुडवायला नाही."

"टीचर, जितके फोन जास्त, तितकं तुमच्या मुलीचं लवकर मोकळं होईल."

टीचरनी रंजुषाकडे बघितलं. माझ्या मते त्या क्षणी त्यांनी जे विचारलं, ते तोंडाने विचारायची त्यांची हिंमत नव्हती. रंजुषा बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. मग तिने आपला फोन काढून ठेवला. "इत्ताचा नको," ती म्हणाली. टीचरनीही आपला ठेवला, आणि फौजदार बाईंनी ते दोनच घेतले.

तपासणीचा निकाल जानेवारीत आला. दोन्ही फोन स्वच्छ. दाखला मिळाला, पण एक डिसेंबर कधीच उलटून गेला होता. जर्मनीच्या हॉस्पिटलने कळवलं, ती जागा भरली, एप्रिलच्या तुकडीत घेऊ. पगाराची श्रेणी एक पायरी खालची. रंजुषाने हो म्हटलं. फोटो टाकणारा सापडला नाही. खोटं खातं बंद झालं, फाइल उघडी आहे. शायला आता टीचरच्या घरासमोरून जाताना थांबते, बोलते, पण आत येत नाही.

एप्रिलमध्ये रंजुषा निघाली तेव्हा टॅक्सीपाशी सगळी गल्ली जमली. ललिताचेच्चीसुद्धा केळ्याचे चिप्स घेऊन आली, रडली. टीचर प्रत्येकाच्या गळ्यात पडत होत्या. मी सामान चढवत होतो, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसत होता. एकेकाला सोडताना त्या क्षणभर त्याच्या डोळ्यांत बघायच्या आणि मग पुढच्याकडे वळायच्या. हे सगळे त्यांनी अक्षर गिरवून घेतलेले.

टॅक्सी गेली. लोक पांगले. ललिताचेच्ची मागे रेंगाळली.

"टीचर, आता एकट्याच तुम्ही. झालं गेलं... आमच्या धाकट्याची परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. नेट..."

टीचरनी हात पुढे केला.

"फोन द्या. पासवर्ड मीच टाकते."

ललिताचेच्चीने फोन दिला. टीचर पाठ वळवून, एकेक अक्षर दाबत, खूप वेळ उभ्या होत्या.