सात मात्रांची टाळी

माझा स्वभाव मुळात संशयी. वीस वर्षं गणित शिकवलं आणि वीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा केला, त्यामुळे कोणी मान खाली घालून गप्प बसला की हा काय लपवतोय, हाच विचार आधी डोक्यात येतो. निपाणीचा तो गृहस्थ पहिल्या रविवारी आमच्यात येऊन बसला आणि दोन तासांत चार वाक्यंही बोलला नाही, तेव्हाच मी मनातल्या मनात त्याच्या नावापुढे लाल खूण केली.

आमच्यात म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका दातांच्या दवाखान्यात. डॉक्टर माझा शाळेपासूनचा मित्र. रविवारी दवाखाना बंद असतो आणि पेशंटांनी वाट बघत बसायच्या खोलीत त्यानं हौसेनं मोठे स्पीकर बसवून घेतलेत. भिंतीवर किडक्या दाढांची चित्रं आणि खाली आम्ही, आमच्या बँडची गाणी ऐकत. बँड परदेशी, गाणी वीस-वीस मिनिटांची, गिटार कर्कश आणि ताल दर दोन मिनिटांनी बदलणारा. माझी बायको म्हणते, मांडणीवरची भांडी पडल्यासारखं वाटतं. तिसरी होती खानापूरची एक तरुण वकील. ती लहानपणी तबला शिकली होती, त्यामुळे सात मात्रांचा तुकडा आला की ती सरळ मांडीवर रूपक ताल धरायची आणि आम्ही दोघं बोटं मोजत तिच्या मागं धावायचो. ज्याचं मोजणं चुकेल त्यानं चहा करायचा, असा आमचा नियम. चहा बहुतेक वेळा डॉक्टरच करायचा.

या छोट्याशा मंडळात माझा मान मोठा होता. हा बँड एकदाच बंगळूरला आला होता आणि आमच्यापैकी तो प्रत्यक्ष ऐकून आलेला मी एकटाच. निदान त्या दोघांची तशी समजूत होती.

मी गेलो नव्हतो. तिकीट काढलं होतं, बसचं आरक्षण झालं होतं, आणि आदल्या दिवशी शाळेत हुकूम येऊन पडला, दहावीचे पेपर तपासायला धारवाडला हजर व्हा. मी धारवाडला गेलो. पण त्याआधी महिनाभर मी डॉक्टरला यथेच्छ टोचलं होतं. सासऱ्यांच्या ऑपरेशनमुळे त्याला येता येत नव्हतं, आणि मी त्याला म्हटलं होतं की खऱ्या चाहत्याला सासरे आडवे येत नाहीत. परत आल्यावर त्यानं दारातच विचारलं, कसं झालं? त्याचा चेहरा इतका आसुसलेला होता आणि मला माझीच इतकी लाज वाटली, की तोंडून निघून गेलं, काय सांगू, अंगावर काटा आला. एवढंच. पुढची सगळी वर्षं मी त्या एका वाक्याचं देणं फेडत होतो.

फेडताना मात्र मी हात आखडला नाही. लोकांनी मोबाईलवर घेतलेले तुकडे बघितले, बँडच्या दुसऱ्या शहरांतल्या मैफिली पाठ केल्या, त्यातलं सोयीचं उचललं. सगळ्यात रंगायचा तो टाळीचा किस्सा. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गाण्यात, बाराव्या मिनिटानंतर, नुसत्या ड्रमवर सात मात्रांचा तुकडा आहे. मी सांगायचो की तिथं अख्ख्या मैदानानं सातात टाळी धरली, एकही हात चुकला नाही, आणि ड्रमवाल्यानं उठून वाकून नमस्कार केला. ही टाळी माझी स्वतःची निर्मिती. डॉक्टर ती शंभरदा ऐकूनही डोळे मिटून घ्यायचा.

आणि मग हा निपाणीचा आला. इंटरनेटवर वकील बाईंशी ओळख झालेला, चाळिशीतला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला. ओळख करून देताना तो एवढंच म्हणाला, "बंगळूरला मी बी गेलतो."

त्यानंतर त्याचे प्रश्न सुरू झाले. दर रविवारी दोन-तीन, अगदी नम्रपणे. सर, तुम्ही कुठल्या बाजूला उभारलेला? पयलं गाणं कुठलं? त्या मोठ्या गाण्याला लोक गात होते का गप ऐकत होते? स्वतः मात्र काही सांगायचा नाही. मी उत्तर दिलं की मान हलवायचा आणि मोबाईलवर काहीतरी टिपून घ्यायचा. ते टिपणं बघून मला घाम फुटायचा. कॉपी पकडायच्या आधी मीसुद्धा असाच शांतपणे विद्यार्थ्याच्या मागं उभा राहतो.

शेवटी मीही उलट्या बाजूनं खणायला लागलो. एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, शेवटी बँडवाले पुन्हा स्टेजवर आले तेव्हा काय वाजवलं हो? त्यानं चपलांकडे बघितलं. मग म्हणाला, आठवत न्हाय सर. मला मनातून केवढा आनंद झाला म्हणून सांगू. तीन तास उभं राहून ऐकलेल्या माणसाला शेवटचं गाणं आठवत नाही? हाही माझ्यासारखाच, हे मी ताडलं. पण ताडून उपयोग काय? त्याला खोटा ठरवायचा तर खरं काय होतं ते मला माहीत असायला हवं होतं. आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून बसायचो आणि मधे डॉक्टर बिचारा बिस्किटांची बशी फिरवायचा.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी वकील बाई जवळजवळ धावतच जिना चढून आल्या. कुणीतरी त्याच मैफिलीचं मैदानातून केलेलं ध्वनिमुद्रण इतक्या वर्षांनी इंटरनेटवर टाकलं होतं, मोठं गाणं सबंध. त्यांनी ते ऐकलंही नव्हतं. म्हणाल्या, सरांबरोबरच पहिल्यांदा ऐकायचं ठरवलं, सरांची टाळी ऐकायची म्हणून. मला काही कारण काढून उठता आलं असतं, पण तोवर डॉक्टरनं स्पीकर लावलेही होते.

बारा मिनिटं मी तोंडावर हसू धरून बसलो. मग ड्रम एकटे राहिले आणि टाळी सुरू झाली. अख्खं मैदान चारात टाळ्या पिटत होतं. तिसऱ्या आवर्तनाला ताल एकीकडे आणि टाळ्या दुसरीकडे, नुसता गोंधळ, शेवटी लोक हसून थांबले. नमस्कारासारखं काही झाल्याचा मागमूस नव्हता. वकील बाईंचा मांडीवरचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेत राग नव्हता, नुसती न समजल्याची भावना होती, ते जास्त लागलं. डॉक्टर म्हणाला, "अरे, पण तू तर..."

तेव्हा निपाणीचा बोलला. मान वर न करता म्हणाला, "हे मागनं घेतलंय. मागं गोंधळच होता. म्होरं आम्ही बरोबर मारत होतो. सर माझ्या शेजारीच उभारलेले."

डॉक्टरनं सुटकेचा श्वास टाकला आणि चहा ठेवायला उठला. वकील बाई हसल्या. मी हसू शकलो नाही. ह्या माणसाला आता माझ्याकडून काय हवंय, हा एकच प्रश्न डोक्यात. फुकट कोणी कोणासाठी खोटं बोलत नाही, असा माझा अनुभव.

दुपारी त्याला बसस्टँडवर सोडतो म्हणून मी मुद्दाम स्कूटरवर घेतलं. फलाटापाशी उतरल्यावर मी म्हणून टाकलं, की मी त्या दिवशी बंगळूरला नव्हतोच, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी कुठून आलात?

"म्हाईत हाय सर," तो म्हणाला. "मी बी आत न्हवतो."

मग तो सांगायला लागला, तुटक तुटक, बसच्या पाट्या वाचत. बँडचं वेड त्याच्या धाकट्या भावाला. त्याला एवढ्या लांब एकटा कसा सोडायचा म्हणून आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ह्याला गाडी घेऊन बरोबर धाडलं होतं. भाऊ आत गेला आणि हा तीन तास पार्किंगमध्ये गाडीत बसला. बाहेर येऊन भाऊ उड्या मारत सांगायला लागला, तर ह्यानं त्याला गप्प केलं, की डोकं दुखतंय, बस गाडीत. निपाणीपर्यंत भाऊ खिडकीबाहेर बघत बसला. पुढं आप्पा वारले. भाऊ पुण्याहून उशिरा पोचला, तेव्हा अंगणात भावकीसमोर ह्यानं त्याला वाट्टेल ते बोलून घेतलं. सहा वर्षं झाली, भाऊ फोन उचलत नाही.

म्हणून हा आमच्यात आला होता. भावानं त्या दिवशी काय ऐकलं ते कुणाकडून तरी समजून घ्यायला. माझं प्रत्येक उत्तर तो परतीच्या बसमध्ये बसून भावाला लिहून पाठवायचा, की तुझं पयलं गाणं हे होतं ना रं, लोक गप ऐकत होते ना रं. मी ज्यांना सापळे समजलो ते प्रश्न हे होते. मला स्वतःचीच किळस आली.

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. त्याच्या बाजूचे निरोप खालपर्यंत भरलेले, दुसऱ्या बाजूला काही नाही. फक्त पंधरा दिवसांपूर्वी, टाळीच्या किश्श्याखाली, एकच ओळ आली होती: असलं काही झालं नव्हतं, सगळे चारात मारत होते, कोण सांगतंय तुला हे?

"खरं लिवलं तवा एकदा बी बोलला न्हाय," तो म्हणाला. "चुकीचं लिवलं आणि बोलला. सर, आणखी एखादं चुकीचं सांगा की."

इतकी वर्षं मी न अडखळता खोटं बोलत आलो, पण ते कुणी मागून घेतलं असं पहिल्यांदाच झालं. मग मी आमच्या जातीच्या, या बँडच्या वेड्या माणसाचा विचार केला. त्याला शिवी द्या, तो सोडून देईल, पण मात्रा चुकीची सांगितलेली त्याला झोपू देणार नाही. मी म्हटलं, लिहा, तो तुकडा सातचा नाही, सहाचाच आहे, बेळगावात आम्ही सगळ्यांनी मोजून बघितलं.

त्यानं एका बोटानं सावकाश टाईप केलं आणि पाठवलं. बस लागली, कंडक्टर संकेश्वर, निपाणी ओरडायला लागला. हा पायरीवर चढला आणि फोन वाजला. त्यानं पडद्याकडे बघितलं, तसाच खाली उतरला आणि फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज एवढा चढलेला की मला तिथं उभ्या उभ्या ऐकू येत होता. भाऊ आकडे मोजत होता, एक ते सात, रागारागानं.

"न्हाय कळलं," हा म्हणाला. "परत एकदा मोज की रं."

बस निघून गेली. तो फलाटाच्या खांबाला टेकून ऐकत होता, मध्येच परत मोज म्हणत होता, आणि पलीकडचा आवाज हळूहळू उतरत होता. मी स्कूटरपाशी आलो. डॉक्टर अजून दवाखान्यातच असणार, कप विसळत. मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, "डॉक्टर, त्या दिवशी मी धारवाडला पेपर तपासत होतो."

पलीकडे कप विसळायचा आवाज थांबला. मी फोन कानाला लावून उभा राहिलो.