ज्याचं त्याच्या कॅरिअरवर

दिवाळीच्या सुट्टीत लोक पाहुण्यांकडं जातात. आमचे देशमुख सर सायकलच्या कॅरिअरला भाकऱ्या, पंप, पंक्चरचं सामान आणि एक जुनी सतरंजी बांधून डोंगरात जायचे. जाफराबादच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी आम्हा पाच-सहा जणांना नादी लावलं. गाडीवाटांनी अजिंठ्याच्या डोंगरात चढायचं, अंधार पडेल तिथं झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी राजूरच्या गणपतीपुढं जो पहिला पोचेल तो जिंकला. बक्षीस काही नव्हतं. मी दरवर्षी शेवटचा यायचो. त्यात कधी खंड पडला नाही.

नियम एकच, "ज्याचं त्याच्या कॅरिअरवर." वाटेत कुणाकडून काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा विहिरीतून आपल्या हातानं शेंदायचं. पहिल्या वर्षी माझी चेन तुटली, तेव्हा सर शेजारी शेंगा खात बसले, पण हात लावला नाही. वर म्हणाले, "मदत केली तर तुमची शर्यत बाद होईल, मास्तर. तुमच्या भल्यासाठीच बसून राह्यलो."

यात गंमत काय, असं मी एकदा चिडून विचारलं. ते म्हणाले, "वर्षभर आपण कोणाच्या तरी उपकारात राहतो. घर बापाच्या जमिनीवर, पोट बायकोच्या हातावर. हे दोन दिवस जेवढं माझ्या पायात हाय, तेवढंच माझं. बिलकुल हलकं वाटतं." खरं सांगतो, डोंगरमाथ्यावर मांड्या भरून आलेल्या असताना भाकरीचा वाळका तुकडा मोडला की मलाही तसंच हलकं वाटायचं. नाहीतर शेवटचा यायला कोण कशाला जाईल?

तिसऱ्या वर्षी ऊन फार होतं. डोंगराच्या पायथ्याशी एका गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीजवळ सरांचं पाणी संपलं. मी मागून पोचलो, तेव्हा कडेच्या घरातली बाई तांब्या घेऊन त्यांच्यापुढं उभी होती. ही सुनीताची आई. सुनीता मामाकडं राहून आमच्या शाळेत दहावीला होती. विज्ञानात हुशार, सर तिला संध्याकाळी घरी बोलावून शिकवायचे.

"घ्या सर, पाणी," बाई म्हणाली.

सरांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी हात जोडले, "नको मावशी." तिनं तांब्या माझ्यापुढं केला. मीही हात जोडले. सुट्टीला घरी आलेली सुनीता दारातून पाहत होती. बाईनं तांब्या मागं घेतला आणि आम्ही स्वतःच्या निश्चयावर खूश होत पुढं गेलो. त्या वर्षी पुढं गेलेल्यांना गाठून सर पहिले आले.

सुट्टीनंतर सुनीता शिकवणीला आली नाही. विचारलं तर खाली पाहून "घरी काम असतं" म्हणाली. सर काही दिवस कोड्यात होते. मग एका संध्याकाळी, रिकाम्या वर्गात फळा पुसता पुसता थांबले आणि माझ्याकडं वळले. चेहरा पार उतरला होता.

"मास्तर, आपण त्यांच्या हातचं पाणी न्हाई पेलो."

तोवर हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि खरी लाज तीच होती. ज्यांच्या घरचं पाणी कधी कुणी नाकारलं नाही, त्यांना नाकारणं साधं वाटतं.

रविवारी आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. सरांनी ओट्यावर बसून शर्यत समजावून सांगितली, नियम सांगितला. बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असंल सर," ती म्हणाली. "पहिल्या लोकायचाबी काही ना काही नियमच व्हता."

मग सरांनी पाणी मागितलं. तिनं आणून दिलं. ते प्याले, मीही प्यालो. तिचा चेहरा होता तसाच राहिला. त्या दिवशी पाणी पिण्यात आमचं काय जात होतं?

सुनीता शिकवणीला परत आली नाही. दहावी पास झाली, सरांच्या मदतीशिवाय. सरांनी शर्यत बंद केली. कुणी विचारलं की गुडघ्याचं कारण सांगायचे.

सर निवृत्त झाले, त्यानंतर आमचेच जुने विद्यार्थी गिअरच्या सायकली घेऊन त्यांच्या अंगणात आले. त्यांना शर्यत पुन्हा सुरू करायची होती, नियम तोच ठेवून. सरांनी एका सायकलीचा जाड टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. त्यांचे डोळे चमकलेले मी पाहिले.

"करा," ते म्हणाले. "फक्त वाटंत कोणी पाणी दिलं, तर उतरून पेयाचं. एवढा नियम घाला."

पोरं हसली. "सर, मंग शर्यत कसली? आपलं आपण करायचं, त्यातच तर मजा हाय."

"मंग नका करू," सर म्हणाले आणि आत निघून गेले.