जुन्या मालकाची उणीदुणी

टेलिफोन ऑपरेटर मावशीला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीचा विषय निघाला की ती अजून लाजते. “आधीची नोकरी का सोडली?” असं साहेबांनी विचारलं आणि हिनं जुन्या मालकाविरुद्ध तक्रारींचा पाढाच वाचला. साहेब शांतपणे म्हणाले, “उद्या माझ्याबद्दलही असंच सांगाल ना, बाई?” ती तोंड पाडून घरी आली.

सहा महिन्यांनी तिथंच पुन्हा जागा निघाली. तेच साहेब, तोच प्रश्न. ती म्हणाली, “जुन्या ठिकाणी दहा लाइनींचा बोर्ड शिकले. आता मोठा सांभाळायचाय.” साहेब हसले आणि तिला कामावर घेतलं.

तिथल्या मोठ्या बोर्डापुढं तिनं सत्तावीस वर्षं काढली. आता तो भंगारात गेलाय, पण घरचा फोन वाजला की तिचा हात आधी हेडफोन सावरायला कानाकडे जातो.