भर श्रावणात तोडलेला कडुनिंब

भर श्रावणात, पाऊस चालू असताना, मी आमच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या तीन मोठ्या फांद्या बुंध्यापासून तोडल्या. तोड म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. नको म्हणून मात्र दोघांनी सांगितलं होतं.

अठ्ठावन्न साल असावं. मी दिग्रसला मास्तर होतो. वर्गात झाडाचे भाग शिकवायचो: मूळ, खोड, पान, फूल. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला झाडांतला जाणकार समजत असे. घर भाड्याचं, कवेलूचं म्हणजे कौलारू, आणि त्याच्या छपरावर अर्धा ओणवलेला हा निंब. बायकोला छातीचा आजार होता. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात मोकळी हवा म्हणजे झाडाखालचीच. घरात तिला दम लागायचा. होळी झाली की तिची खाट निंबाखाली जायची, ती मृग लागेपर्यंत तिथंच. पडल्या पडल्या ती माझ्या वर्गातल्या पोरांच्या वह्या तपासायची आणि मी दिलेले मार्क वाढवून ठेवायची.

झाडाची निगा तांड्यावरचा एक म्हातारा राखायचा. दर वैशाखात दोन बकऱ्या घेऊन यायचा आणि छपरावर झुकलेल्या बारीक डहाळ्या तेवढ्या कोयत्यानं उतरवायचा. माप ठरलेलं होतं. बकऱ्या संध्याकाळपर्यंत खातील तेवढंच. त्यांनी तोंड फिरवलं की हा झाडावरून खाली. "उन्हात घाव सुकते बाई, पावसात सडते," असं बायकोला सांगायचा, चहा प्यायचा आणि जायचा. मला वाटायचं, हा माझ्या झाडावर बकऱ्यांची जेवणावळ उरकतो आणि वर चहाही उकळतो. त्या वैशाखात मी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "यंदा मीच पाहून घेतो," म्हणालो. बायकोनं त्या दिवशी चहा मांडलाच नाही.

श्रावणात झड लागली. निंबाचा पाला कवेलूंच्या खाचांत अडकला, पाणी तुंबलं आणि नेमकं तिच्या अंथरुणावर गळू लागलं. दोन दिवस मी तिची खाट घरभर फिरवली. जिथं खाट, तिथं गळती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मिस्त्रीचाचांकडे कुऱ्हाड मागायला गेलो.

"पानी तो थमने दो, मास्तर," चाचा म्हणाले.

"तोपर्यंत ती भिजंल ना, चाचा."

चाचा आत गेले. कुऱ्हाड मिळाली.

मी धोतर खोचून झाडावर चढलो. खिडकीतून बायको खोकत खोकत ओरडली, "अजी, छाटून राह्यले का भादरून राह्यले?"

"तीन वर्षांची निश्चिंती करून टाकतो!"

"अन् उन्हाळ्यात मी कुठं पडू?"

"फुटते ते परत! निंबाला काय होतं?"

पहिल्या दोन फांद्या चिखलात पडल्या. तिसरी छपरावर पडली. दहा-बारा कवेलू फुटले आणि इतका वेळ थेंबथेंब गळणारं पाणी आता घरात धारेनं येऊ लागलं. चाचा ताडपत्री घेऊन धावत आले. ती त्यांनीच छपरावर बांधली. बायको मात्र ओल्या गोधडीत हसत होती. मलाही हसू आलं. हसता हसता तिला खोकला आला, तो थांबेना. मग मीही हसायचा थांबलो.

दिवाळीच्या सुमारास फांद्यांची खुटं काळी पडली होती. बोट लावलं तर लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं आत जात होतं. चैत्रात गावभर निंबांना तांबूस पालवी आली. आमच्या निंबाला एका बाजूनं मूठभर पानं आली, तीही आठ दिवसांत वाळली. बायको रोज सकाळी खिडकीतून वर पाहायची. मी रोज म्हणायचो, फुटंल. नंतर तिनं पाहणं सोडलं आणि मी म्हणणं.

वैशाखात मी पळसाच्या फांद्यांचा मांडव घातला. दोन दिवसांत पानं वाळली. वारा आला की त्यांचा खडखडाट व्हायचा, आणि उन्हाचे कवडसे तिच्या तोंडावर नाचायचे.

"तुमच्या मांडवाची सावली वाजते," ती म्हणाली. त्यानंतर तिनं खाट आत न्यायला सांगितली. आत कवेलू तापलेले. मी ओलं फडकं घेऊन वारा घालत बसायचो, आणि ती डोळे मिटून श्वास मोजल्यासारखा घ्यायची. वह्यांचा गठ्ठा उशाशी अर्धा तपासलेला तसाच पडून होता.

मृगाला आठ दिवस होते तेव्हा ती गेली. छाती आधीच पोखरलेली होती, झाडाचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. त्या वह्या मी तशाच पोरांना वाटल्या. काही पोरांना उगाचच चांगले मार्क पडले होते.

म्हातारा दहाव्याला आला. बकऱ्या आणल्या नव्हत्या. आधी झाडाशी गेला, खुटात बोट घालून पाहिलं, बोट धोतराला पुसलं. मग ओसरीवर येऊन बसला. मी त्याला न विचारता सगळं सांगत सुटलो: झड कशी लागली, अंथरूण कसं भिजलं, खाट कुठं कुठं फिरवली, आणि मी जे केलं ते तिच्यासाठीच कसं केलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मान वर करून आमचं बसकं छप्पर पाहिलं. ओट्यावर उभं राहिलं की वळचणीला हात पुरत होता.

"पाला तं हातानं निघते, मास्तर," तो म्हणाला. "त्याले कुऱ्हाड कायले लागते?"