परीची मान

नाचा म्हणजे इकडचा तमाशा. त्यातली परी बाई नसते. बाप्याच असतो, साडी नेसलेला. डोक्यावर पितळी लोटा, त्यावर पेटता दिवा, हात न लावता गात गात स्टेजवर यायचं. तिथून खेळ सुरू होतो. लोटा पडला की पब्लिक शिट्ट्या मारून सगळ्या पार्टीले घरी पाठवते.

शोचे फोटो मी काढत नाही, ते मोबाईलवाले काढतात. मी रिहर्सलचे काढतो. तिथं तोंडाले रंग नसतो. दाढीचे खुंट, बनियनवर गुंडाळलेली साडी, तबलेवाल्याच्या गालात गुटखा, सगळं दिसते. सदर बाजारातलं माझं लग्नाच्या फोटोचं दुकान बसलं, तेव्हापासून हेच करून राहिलो. शाळा कमीच झाली, येते तसं लिहितो.

बायको होती तेव्हा सोबत यायची. मी फोटो काढतो त्या पार्टीतल्या म्हाताऱ्या परीशी तिचं फार जमायचं. माझ्याच वयाचा माणूस. दोघं चहा पीत माझी निंदा करायचे. त्यातून तो आमची मराठी शिकला. ती मेल्यावर सून साड्यांच्या मागे लागली, कपाट खाली करा म्हणे. मी गठ्ठा बांधला अन त्याले नेऊन दिला. आता रिहर्सलले गेलो की बायकोची साडी समोर नाचते. लोक विचारतात, काका, त्रास होत नाही का? होते. मग काय करू?

मागच्या हिवाळ्यात तेलीबांध्याले तलावाजवळ संध्याकाळी मोठा शो होता. दुपारी समाज भवनात रिहर्सल चालली होती. म्हातारा बायकोच्या जांभळ्या साडीत. लोट्यावर दिवाही नव्हता, तरी मान लटलट हालत होती.

"काहो डोकरी, लोट्यात भूकंप आला का?" मॅनेजर खुर्चीवरून ओरडला. सगळे खदाखदा हसले.

"थंडी हे, मनीजर," म्हातारा पण हसला.

"आज लोटा हा आणते." मॅनेजरनं एका तरण्या नाच्याले उठवलं. "तू झांज वाजव."

म्हाताऱ्याचं हसू गेलं. जन्मभर त्यानं लोटाच आणला होता. तो माझ्याकडे धावला. "भैया, फोटो दाखव यांले. बघा, लोटा हालते का?"

मी कॅमेरा पुढं केला. फोटोत लोटा एकदम सरळ. राहणारच. माझा कॅमेरा हायवेवरचा भरधाव ट्रकही जागेवर उभा करते. हे म्हाताऱ्याले कळत नव्हतं, मॅनेजरलेही नाही. मॅनेजर फोटोकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "दादा, यात तं ठीक आहे. तुम्हीच बोला. हालते का नाही?"

मी गप्प बसलो असतो तरी म्हाताऱ्याचं काम झालं असतं. पण बायकोले डॉक्टर शेवटपर्यंत म्हणत राहिला, माताजी, एकदम ठीक होऊन जाल. तेव्हापासून गोड बोलणं आलं की माझं डोकं फिरते.

"हालते," मी म्हटलं. "हालणं फोटोत येत नाही. मान गेली याची. लोटा पडणार."

"झालं," मॅनेजर म्हणाला. "साडी सोड, याले नेसव."

म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर साडी सोडली. चड्डी-बनियनवर उभा राहून त्या पोट्ट्याले नेसवली, कारण त्याले निऱ्या घालता येत नव्हत्या. मागून कोणी तरी बोललं, "डोकरी विधवा हो गई रे!" पुन्हा हसणं. मी फोटो काढले. चांगले आले.

मग तो झांज घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"वहिनी असती तं खोटं बोलली असती."

"बोलली असती," मी म्हटलं. "अन लोटा पडल्यावर तुझ्यासोबत रडत बसली असती."

"पडला असता तं पडला असता. माझ्या डोक्यावरून पडला असता."

समोरून नवी परी आत आली, मान ताठ, लोटा जागेवर. म्हाताऱ्यानं झांज उचलली अन बरोबर ठेक्यावर धरली.