लेकीच्या अंगणातली कोंबडी

माझ्या मामांइतका धाडसी माणूस मंद्रूपपासून मोहोळपर्यंत सापडायचा नाही आणि कोंबडीला त्यांच्याइतका भिणाराही. मेंढरांत लांडगा शिरला तर मामा नुसती काठी घेऊन त्याच्या मागे धावतात. पण बाजाराच्या दिवशी कोंबड्या विकतात तो कोपरा टाळायला अख्ख्या गावाला वळसा घालतात. विचारलं तर म्हणतात, "तिकडं वास लई येतो." जन्मभर मेंढरांत झोपलेला माणूस हे सांगतो!

त्यांची मुलगी, आमची ताई, लग्न होऊन मोहोळला गेली. तिच्या अंगणात गावरान कोंबड्यांचं राज्य. मग मामांना जुनी रीत आठवली: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. रस्त्यावरूनच हाक मारायची, शेंगांची पिशवी द्यायची आणि परत फिरायचं. रीत पाळणारा माणूस म्हणून पाहुण्यांत त्यांचं नाव झालं. पुढं ताईला मुलगा झाला, रीत संपली, तरी मामा फाटकातूनच नातवाला बघून माघारी आले. ताईचा फोन आला, "आबा, आता काय राहिलं? माझं घर आवडंना का तुमाला?"

मामा माझ्याजवळ येऊन बसले. "भाच्या, लेक तुटाया लागली रं. एका कोंबडीपायी."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, त्यामुळे दवाखाना कुठलाही असो, सोबत मीच. सोलापूरला मानसोपचाराच्या मॅडमकडे त्यांना घेऊन गेलो. गावानं आपला इलाज आधीच केला होता: जत्रेत कुणीतरी थट्टेनं त्यांच्या मांडीत पिल्लू टाकलं, तेव्हापासून भीती दुप्पट झाली होती. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा भित्रेपणा नाही मामा, याला फोबिया म्हणतात. तुम्ही पळता तशी भीती वाढते. थोडं थोडं जवळ जायचं आणि धडधड कमी होईपर्यंत तिथंच थांबायचं."

आधी कोंबडीचं चित्र आलं. मामांनी पहिल्या दिवशी त्यावर पटका टाकला. मग पीस हातात धरायचं झालं. मग शेजाऱ्याच्या अंगणात, पार पलीकडं, डालीखाली झाकलेली खरी कोंबडी. तिथून मामांनी मॅडमना फोन लावला, "मी हललो न्हाय बगा. पर ती डालीच्या फटीतनं लई टक लावून बघतीया. तिलाबी एखादी गोळी द्या की!"

असं करत करत उन्हाळा सरला आणि आम्ही मोहोळला गेलो. फाटकाशी मामा थबकले, माझं मनगट आवळलं आणि आत आले. ओसरीवर पाय वर घेऊन बसले. कपाळ घामानं भिजलेलं. ताईनं पाणी आणलं, तेवढ्यात एक तांबडी कोंबडी ओसरीकडं निघाली. ताईला मी सगळं आधीच सांगितलं होतं. तिनं पटकन काठी उचलली.

"ऱ्हाऊ दे गं," मामा म्हणाले. "तिचंबी घर हाय."

मामा पुरते बरे झालेत असं मी म्हणणार नाही. बाजारात अजून वळसा घालतात. पण त्या दिवशी कोंबडीवरची नजर न हलवता त्यांनी ते पाणी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं आणि रिकामा पेला लेकीपुढं धरला, "अजून दे."