काट्यावर विश्वास नसलेले नाना

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका, म्हणजे नानांइतका संशयी माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही. संशय माणसांवर नव्हे, काट्यांवर. हवाई दलात तीस वर्षं विमानांची यंत्रं दुरुस्त करून जळगावात स्थायिक झाल्यावर त्यांना कुठलाच काटा खरा वाटेना. ताप आला तर ते तीन थर्मामीटर लावत. धुळ्याच्या एस.टी.त मैलाचे दगड घड्याळाशी ताडून एकदा ड्रायव्हरला म्हणाले, "तुमचा काटा खोटं बोलतो." तो हसून म्हणाला, "नाना, काटा तर बंद शे!" नानांना हे फार आवडलं. निदान प्रामाणिक आहे, म्हणाले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी धुळ्याला विमान चालवायला शिकत होतो. उतरताना माझं विमान दर वेळी धाडकन आपटायचं. वेगाचा काटा सत्तरवर असायचा, म्हणजे अगदी नियमाप्रमाणे. त्यामुळे दोष माझ्या हाताचा ठरला. शिकवणारे कॅप्टन म्हणाले, "सोडून दे, बाळा." मी सामान बांधायला लागलो.

ताईकडून हे कळताच नाना पहिल्या एस.टी.ने धुळ्याला हजर! हातात पुतण्याने अमेरिकेहून आणलेलं, उपग्रहांवरून वेग सांगणारं यंत्र. कॅप्टनना म्हणाले, "पोराआधी काटा तपासू. काटा सत्तरवर धरा. वाऱ्याबरोबर एकदा जाऊ, वाऱ्याविरुद्ध एकदा येऊ."

नाना आणि कॅप्टन वर गेले. जाताना यंत्राने अठ्ठ्याहत्तर दाखवले, येताना चोपन्न. वारा वजा होऊन सरासरी आली सहासष्ट. त्यातून उंचीमुळे आणि उन्हामुळे विरळ झालेल्या हवेचा फरक काढल्यावर उरले बासष्ट. काटा आठने फुगवून सांगत होता! म्हणजे मी रोज नको तितक्या हळू उतरत होतो; आणखी थोडा हळू असतो, तर विमान दगडासारखं खाली आलं असतं. काट्यामागची, हवेचा दाब त्याच्यापर्यंत पोचवणारी एक बारीक नळी सैल झालेली निघाली. कॅप्टननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चूक माझी," म्हणाले.

मी नानांच्या पाया पडायला वळलो, तर ते धावपट्टीपलीकडे बाभळीखाली वाकून ओकत होते. "स्टँडवरची भजी शिळी होती," तोंड पुसत म्हणाले.

नाना गेले त्या वर्षी ताईने सांगितलं, "त्यांना विमान सोसायचंच नाही रे. तीस वर्षं दुरुस्त केली, पण जमिनीवरूनच. वर गेले ते त्या एकाच दिवशी."